थांबून थांबून येणारा फोन

ती घटना आठवली की आजही मी फोनवर बोलता बोलता मध्येच थांबतो आणि पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत बसतो.

तेव्हा मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक हवंच. त्या हंगामात बंदोबस्ताच्या ड्युट्या लावताना माझ्या नाकी नऊ येत. अशाच एका सकाळी एका नाटक मंडळीची नायिका ठाण्यात आली. सोबत मंडळीचे प्रॉम्प्टर होते. पडद्याआडून नटांना संवाद पुरवणारा हा माणूस. आमच्याकडे तालमी कमी आणि प्रयोग फार, त्यामुळे त्याच्यावाचून सगळ्यांचंच अडतं. सारे त्यांना मास्तर म्हणत. या बाईला स्टेजवर बोलायला शिकवलं तेही मास्तरांनीच.

"साहेब, मले फोन येऊन राहिले," ती म्हणाली. "रोज नवा नंबर, बाहेरच्या देशाचा. स्टेजवर चढली तर मारून टाकू म्हणते."

"पोरगी भेली जी," मास्तर म्हणाले. "मी म्हणतो, यंदा घरीच राह्य. जीवापेक्षा नाटक मोठं हाय का?"

"घरी राहून लेकीले काय चारू, मास्तर?"

नवऱ्यापासून ती वेगळी राहत होती. लहान मुलगी आईकडे ठेवलेली. हंगामातल्या कमाईवर तिघींचं वर्ष निघायचं. तरी ती इतकी धास्तावली होती, की फोन करणारा सापडला नाही तर काम सोडते, असं तिने मंडळीच्या मालकाला सांगून टाकलं होतं. ठार मारण्याची धमकी म्हणून मी गुन्हा नोंदवून घेतला. तिच्या मोबाइलमधली रेकॉर्डिंग काढली. नंबर सायबरवाल्यांना पाठवले. हे इंटरनेटवरून केलेले स्वस्तातले कॉल आहेत, दिसतो तो नंबर खरा नसतो, कंपनीचं उत्तर यायला वेळ लागेल, असं त्यांनी कळवलं. तोवर तिचं नाटक थांबणार नव्हतं.

दोन दिवसांत खबऱ्याने बातमी आणली. तिच्या नवऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि परदेशी नंबरवरून फोन लावायचं ॲप तो गिऱ्हाइकांना दाखवत असतो. आम्हाला आयताच माणूस मिळाला. जमादार त्याला चौकशीसाठी घेऊन आले. मी त्याला बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. खोटं बोलणारा माणूस वाट बघताना उत्तरं घोळवत असतो, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. हा मात्र ठाण्यातल्या नोंदी लिहिणाऱ्या आमच्या रायटरच्या बिघडलेल्या चार्जरची पिन नीट करत बसला.

"तिले मी काऊन धमकी देईन जी?" तो म्हणाला. "आमचं पटलं नाही, ते खरं. पण तिच्याच कमाईवर माझी पोरगी शिकून राहिली. ते ॲप तर मी दहा जणांले टाकून देल्लं. कोणाचा भाऊ दुबईले, कोणाचा पोरगा कतारले. तुम्हीच एकडाव करून पाहा ना."

मग आम्ही ते करून पाहिलं. त्याने माझ्या फोनवर ॲप टाकलं. जमादारांना मी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभं केलं आणि खिडकीशी बसून फोन लावला. त्यांच्या फोनवर कुठल्याशा परदेशाचा नंबर झळकला.

"साहेब, विलायतेतून बोलून राहिले का?" जमादार ओरडले. ते वाक्य मला आधी खिडकीतून ऐकू आलं आणि मागाहून फोनमधून. सगळं ठाणं हसलं, मीही हसलो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. आवाज उशिरा यायचा, पण एकदा सुरू झालं की वाक्य सबंध यायचं.

मी पुन्हा रेकॉर्डिंग लावली. माणूस हिंदीत बोलत होता. "स्टेज पे पैर रखा... तो लौट के घर... नहीं जाएगी."

"नेट कमजोर असन," जमादार म्हणाले.

नेट कमजोर असतं तर शब्द गिळले गेले असते. इथे एकही शब्द गेला नव्हता. माणूस दोन-चार शब्द बोलायचा, थांबायचा आणि पुढचे उचलायचा. लहानपणी मी नाटकाला अगदी स्टेजच्या कडेला जाऊन बसत असे. तिथे प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येई, आधी प्रॉम्प्टरचा आणि मग नटाचा. तसाच या माणसाला कोणीतरी शेजारी बसून एकेक तुकडा पुरवत होतं.

मी तिला बोलावून घेतलं, एकटीला. म्हटलं, "आवाजाकडे लक्ष देऊ नका. मधे थांबतो कुठे, तेवढंच ऐका."

तिने डोळे मिटले. तिसऱ्यांदा ऐकताना तिच्याही नकळत ती त्याच जागी श्वास घेऊ लागली. मग तिने पदर तोंडाला लावला.

"मास्तर वाक्य असंच तोडतात जी," ती म्हणाली. "शेवटचे शब्द मांगं ठेवतात. मले श्वास घ्याले." आणि ती रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. अनोळखी माणसाचं नाव निघालं असतं तर ती सुटल्यासारखी हसली असती.

मास्तरांना बोलावलं, तर पहिल्याच प्रश्नाला त्यांनी सगळं कबूल केलं. त्यांना आपल्या मुलीला नायिका करायचं होतं आणि मालकाने हिला घेतलं होतं. त्यांचा स्वतःचा आवाज तिने पहिल्या शब्दाला ओळखला असता, म्हणून मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडच्या साडूला पुढे केलं. ॲपही साडूच्याच फोनमध्ये निघालं. पंचनामा करून आम्ही तो फोन जप्त केला.

"मास्तर म्हणे, एक शब्द इकडचा तिकडे नाही व्हाले पाहिजे," साडूने जबाबात सांगितलं. धमकीतही त्या माणसाला चुकलेलं वाक्य खपत नव्हतं. त्यांच्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती ठाण्याबाहेर डबा घेऊन उभी होती, ते बघवत नव्हतं.

या प्रकरणानंतर फोन कोणत्या नंबरवरून आला हे मी नंतर विचारू लागलो. पहिला प्रश्न असायचा, तो बोलला कसा. नंबर, नाव, देश, सगळं झाकता येतं. जन्मभराच्या कामाची सवय झाकायची असते, हे माणसाच्या लक्षातही येत नाही. आणि ॲप येतं म्हणून जो आम्हाला गुन्हेगार वाटला, त्यानेच आमचं काम सोपं केलं होतं.

पुढे खटला उभा राहिला. फोनवरचा माणूस नेमकं काय म्हणाला, असं सरकारी वकिलांनी तिला विचारलं. हजारोंसमोर बोलणारी ती बाई, पण समोर मास्तर दिसले आणि अडखळली. "स्टेज पे पैर रखा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

तेवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून हलक्या आवाजात शब्द आले, "तो लौट के घर..."

न्यायाधीशांनी मान वर केली. मास्तरांनी आपलंच तोंड हाताने दाबलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. नेहमीच्या जागी श्वास घेतला आणि म्हणाली, "नहीं जाएगी." मग पुढची सगळी साक्ष तिने एकटीने, कुठेही न अडता दिली.