व्हय म्हाराजा म्हणणारा डबा

पहिलंच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. साउंड इंजिनीअर आहे. आवाज कुठून आला हे शोधणं हेच माझं काम... एसीचा, शेजारच्या गाळ्यातला, गायकाच्या पोटातला. या ग्रुपवर कोणी 'पैंजण वाजले' म्हणून लिहिलं की मी मनात म्हणते, अगं बाई, उंदीर असेल, आधी पिंजरा लाव. त्यामुळे आता तुम्हाला माझ्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हसले असते.

माझा स्टुडिओ घाटकोपर पश्चिमेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर. एका बाजूला खाखऱ्यांचं पॅकिंग, दुसऱ्या बाजूला इमिटेशन ज्वेलरी, मधे मी. जाहिराती, भजनं, कुणाच्या तरी सासऱ्यांची साठीची गाणी, येईल ते रेकॉर्ड करते. अंधेरीला एक जुना स्टुडिओ बंद होत होता, तिथून मी एक मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर उचलला. नव्वदच्या दशकातला, डिजिटल, रॅकमध्ये स्क्रूने बसवायचा काळा डबा. त्यात आवाज पाठवला की देवळात किंवा मोठ्या हॉलमध्ये म्हटल्यासारखा घुमवून परत देतो. आता हे सगळं कम्प्युटरवर फुकट होतं, पण त्या डब्याचा घुमारा म्हणजे... जाऊ दे, त्यावर मी तासभर बोलेन.

आमचे बाबा मूळचे मालवणी. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर मिळेल ती नोकरी करून रिटायर झाले. गावचं घर पडल्यापासून घराण्याचा गणपती इथे घाटकोपरच्या भटवाडीत आमच्याकडे येतो आणि गाऱ्हाणं बाबा घालतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं. एकजण मागतो आणि दर वाक्याला बाकीचे ओरडतात, "व्हय म्हाराजा!" बाबांचा आवाज असला दणदणीत की समोरच्या बिल्डिंगमधले लोकही सवयीने व्हय म्हाराजा म्हणून मोकळे होतात.

या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, काढून टाकू, पण आवाज पहिल्यासारखा येईल असं सांगता येणार नाही. 'साधी' ऐकून आईला आणि मला हायसं वाटलं. बाबांनी फक्त दुसरं वाक्य ऐकलं. घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, "माझा गाऱ्हाणा रेकॉर्ड करून ठेव. सुन्याक पाठ करूक बरा पडात."

सुन्या म्हणजे माझा मुलुंडचा चुलत भाऊ. मी एकुलती एक मुलगी, आणि आमच्यात बाया गाऱ्हाणं घालत नाहीत. का, तर नाहीत घालत. लहानपणापासून ऐकून ऐकून मला ते गाऱ्हाणं बाबांच्या खोकल्यासकट पाठ, पण ऑपरेशनच्या तोंडावर कुठे भांडत बसू?

रविवारी दुपारी त्यांना स्टुडिओत आणलं. आजूबाजूचे गाळे बंद, पॅसेजमध्ये चिटपाखरू नाही. बाबा काचेपलीकडे माइकसमोर, टोपीवर हेडफोन चढवून. मी काचेअलीकडे. बेत असा की बाबांचं एकट्याचं रेकॉर्ड करायचं, व्हय म्हाराजा नंतर घरच्यांकडून घ्यायचं. त्यांना एकटं वाटू नये म्हणून हेडफोनमध्ये त्या डब्यातला थोडा घुमारा सोडला.

"बा देवा म्हाराजा..." म्हणून बाबा सवयीने थांबले.

"व्हय म्हाराजा!"

दहा-बारा बाप्यांचा आवाज. घट्ट, एकदम, डब्याच्या ट्रॅकवर! मी खुर्चीतून उडालेच. बाहेर जाऊन पॅसेज बघितला. परत आले, वायरी बघितल्या. चालू माइक एकच, त्याच्यासमोर माणूस एकच, आणि तो निवांत पुढे चाललेला. "आज तुझ्या लेकरांनी जी काय सेवा केली असा, ती गोड मानून घे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

बाबांनी काचेतून मला अंगठा दाखवला. "मशीन बरा घेतलंस गो! आमच्या पोरांपरास ह्येचा टायमिंग बरा."

"बाबा, या मशीनमध्ये असलं काही नसतं!"

"मगे ह्या काय आयकाक येता माका?"

"तेच तर मी—"

"गप रव. लय मोडता."

मला रामरक्षा आठवेना, म्हणून शुभंकरोती म्हणायला लागले. आणि हा बाप माझा रंगात आलेला! सोसायटीचं पाणी वेळेवर येऊ दे. व्हय म्हाराजा! सेक्रेटरीला सुबुद्धी दे. व्हय म्हाराजा! "ह्या माझ्या चेडवाचा लगीन जुळांदे—" "बाबा!!" "व्हय म्हाराजा!" चाळिशी ओलांडली माझी, आता त्या डब्यालाही काळजी.

मग बाबांनी घसा खाकरला, हात जोडले. "माझ्या मागसून ह्या गाऱ्हाणा सुन्या घालतलो. त्येका बळ दी रे म्हाराजा..."

काही नाही. त्यांचाच आवाज घुमला आणि विरला.

बाबांनी हेडफोनवर टिचकी मारली. "बंद पडला काय?" मी बघितलं, सगळं चालू. त्यांनी टेस्ट घेतली, "ह्या मशीनाक बरा ठेव म्हाराजा." लगेच, व्हय म्हाराजा! पुन्हा सुन्या. शांत. मग बोरिवलीचा चुलत भाऊ नंदू. शांत. मग विजू. विजूला तर मीसुद्धा होकार दिला नसता, तो आरतीसुद्धा मोबाइलमध्ये बघून म्हणतो.

बाबांनी हेडफोन काढून गळ्यात टाकले. एकदम म्हातारे दिसायला लागले. स्टुलावर टेकले आणि मग चिडले, देवावर चिडावं तसे. "मगे घालूचा तरी कोणी? ह्या चेडवान?"

"व्हय म्हाराजा!!"

मीटर लाल. माझे स्पीकर फाटतील असं वाटलं. हेडफोन गळ्यात असूनसुद्धा बाबांना काचेतून ऐकू गेलं. मला रडूच आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. बाबांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "उद्यापासून शिकवतंय तुका. आवाज पोटातसून काढूचो. असो चिमणीसारखो नाय."

ऑपरेशन नीट झालं. गाठ गेली, आवाजही गेला. राहिली ती नुसती घोगरी फुसफुस. ओरडायला डॉक्टरांची सक्त मनाई.

गणपतीला सगळं घराणं जमलं. आरती झाली. सुन्या कडक इस्त्रीचा कुर्ता घालून पुढे सरकला, तसा बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. काकांनी घसे खाकरले. काकू पदर बघायला लागल्या. मी पुढे झाले, हात जोडले, पोटातून आवाज काढला. "बा देवा म्हाराजा..."

कोणी बोलेना. खोली माणसांनी भरलेली आणि एकाचं तोंड हलेना. वाट लागली, म्हटलं. बाबांची लाज गेली माझ्यापायी.

मागून खरखर आली. फाटलेली, अर्धी हवाच. "व्हय... म्हाराजा." बाबा खोकले, आईचा हात झटकला आणि पुन्हा म्हणाले. मग आई म्हणाली. मग सुन्या. सुन्या तसा वाईट नाही हो, विचारलं असतं तर तोच म्हणाला असता तू घाल म्हणून. तिसऱ्या वाक्याला सगळी खोली माझ्यामागे होती.

आता राहिला डबा. फाइल आहे माझ्याकडे. लाइनीतल्या दोन मित्रांना ऐकवली. एक म्हणाला, राउटिंग चुकलंय यार तुझं, भलत्या वायरीतून भलता आवाज येतोय. इतकी वर्षं राउटिंगच करतेय रे मी! दुसरा म्हणाला, जुन्या मालकाचं काहीतरी आत अडकलं असेल. अरे, त्या डब्याची मेमरी काही सेकंदांची, ती काय चुलत भाऊ निवडणार? नंतर मी त्याच माइकवर, तेच सेटिंग लावून, पुन्हा पुन्हा गाऱ्हाणं घातलं. माझाच आवाज घुमून परत येतो, बाकी काही नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. बाबांना सांगितलं, तर त्या फुसफुशीत आवाजात माझ्यावरच खेकसले, "आता कित्याक बोलात ता? त्याचा काम झाला मा."