आईंचे गुडघे आणि माझं वांगं-बटाटा बंद

चेन्नईत, वेलचेरीतल्या आमच्या घरी आजपासून वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची बंद. सासूबाईंच्या गुडघ्यांना बाधतं म्हणे. नवऱ्याने ऑफिसातून तसा व्हिडिओ पाठवला, त्याचं काम संपलं.

मी एका कानात मीटिंग लावून, घामाने निथळत, मिरीचं रसम आणि भोपळ्याची भाजी केली. त्याच्यासाठी वेगळी बटाट्याची, कारण त्याला भोपळा चालत नाही.

सासूबाई ताट बघून म्हणाल्या, "अगं, चातुर्मासात चार महिने मी वांग्याला शिवत नाही. तेव्हा तरी गुडघे दुखायचे कुठे थांबतात?"

"मग त्याला सांगा ना, आई."

"डॉक्टरकडे ने म्हटलं की व्हिडिओ पाठवतो तो."

मग आम्ही दोघींनी त्याची बटाट्याची भाजी संपवली. भोपळा ठेवलाय त्याला.

तुमच्याकडे पथ्य ठरवतं कोण आणि रांधतं कोण?