वाडीवरच्या बाईचं दूध

सहा वर्षं झाली. माझ्या भावजयीला वाटत होतं, तिचं बाळ तिच्यामुळे गेलं. मी तिला तसं वाटू दिलं.

नवरा वारल्यापासून मी माहेरीच, किन्हवलीजवळच्या आमच्या गावात. धाकट्या भावाची बायको बाळंतपणाच्या रजेवर होती. बाळ साडेतीन महिन्यांचं, अंगावरच पिणारं. मुरबाडच्या कंपनीत रजेच्या कागदांवर सहीला जायचं म्हणून तिनं सकाळी त्याला पाजलं आणि माझ्याकडे दिलं.

"वन्सं, दुपारच्या गाडीनं येतेच."

दुपारपर्यंत पावसानं पूल पाण्याखाली गेला होता. भाऊ कल्याणला अडकलेला. अंगणात पाणी शिरलं तशी मी बाळाला घेऊन शाळेत आले. आदिवासी वाडीवरची माणसंही तिथंच आली होती.

बाळ भुकेनं रडायला लागलं. शेजारी वाडीवरची एक बाई आपल्या मुलीला पाजत बसली होती. तिनं हात पुढं केले.

"दे गो इकडं. माझी पोर एकाच बाजूला पेते, दुसरीकडं नुसता ठणका लागलाय."

"नको बाय. त्याला डब्याचंच चालतं."

डबा त्यानं कधी पाहिलाही नव्हता.

"म्हशीचं चालतं नि माझं नाय चालत व्हय?"

बायका हसल्या. मीही हसले.

आमच्याकडे वाडीवरच्या माणसाच्या ओंजळीत पाणी वरून ओततात. तिचं दूध आमच्या पोराच्या पोटात गेलं तर गावात तोंड कसं दाखवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं, खरंच.

संध्याकाळी पंचायतीनं वाटलेल्या मदतीच्या पिशवीत दुधाच्या पावडरीचा डबा निघाला. हापशाला गढूळ पाणी, लाकडं ओली, चूल पेटेना. पाणी निवळू दिलं, पदरानं गाळलं, कुणाच्या तरी बाटलीत पावडर कालवली आणि पाजली. दुसऱ्या सकाळी जुलाब सुरू झाले. ती बाई पुन्हा आली.

"सुकलाय गो पोर. आता तरी दे."

मी पाठ फिरवली.

तिसऱ्या दिवशी पूल मोकळा झाला. जीपनं शहापूरच्या दवाखान्यात नेलं. भावजय धावत आली, पोलकं दुधानं भिजलेलं. तिनं त्याला छातीशी धरलं. त्यानं तोंड लावलं नाही. दुपारी गेला.

तिनं नोकरी सोडली. "मी गेले नसते तर," एवढंच म्हणायची. आणि मी म्हणायचे, "असतं एकेकाचं नशीब."

परवा वाल सोलताना ती पुन्हा तेच म्हणाली. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले. तिनं विचारलं, "तिनं मागितला, तेव्हा रडत होता तो?"

"रडत होता. दुधाच्या वासानं तिच्याकडं तोंड वळवत होता. मी पदर आड धरला."