सबस्क्रिप्शन न भरता सुरू झालेलं सत्र

अन्नपूर्णा भागातल्या एका शाळेची मी प्राचार्य. वर्गांत मोठे स्क्रीन बसवले, तेव्हा कंपनीनं धड्यांचं सॉफ्टवेअर जवळजवळ फुकटच दिलं होतं. पुढे दर वर्षी रेट वाढत गेला आणि यंदा तर एकदम दुप्पट झाला. तेवढे पैसे उभे करायचे तर फी वाढवावी लागली असती, आणि ते मला करायचं नव्हतं.

माझी बी.एड.ची मैत्रीण जवळच्याच बेटमा गावातल्या शाळेत प्राचार्य आहे. तिला फोन केला, तर त्याच सॉफ्टवेअरचा तिचा रेट आमच्याहून बराच कमी निघाला. मी कंपनीच्या माणसाला बोलावून घेतलं.

"मॅडमजी, सगळ्या स्कूलला हाच रेट आहे," तो म्हणाला.

"बेटम्याला नाही ना भिया! मलाही तोच द्या. आणि फक्त नववी-दहावीचे पैसे घ्या, बाकीचे वर्ग वापरतच नाहीत."

तो गडबडला. बाहेर जाऊन साहेबांशी बोलून आला. "नाही होणार, मॅडमजी. रिन्यू नाही केलं तर एप्रिलमध्ये सगळं लॉक होऊन जाईल."

"होऊ द्या," मी म्हटलं.

एप्रिलमध्ये सगळं खरंच लॉक झालं. आमच्या विज्ञानाच्या बाई वयानं लहान. त्या धास्तावल्या. "मॅडम, मी स्क्रीनशिवाय कधी शिकवलंच नाही."

"मी बसते तुमच्या वर्गात. घ्या तास."

दहावीला रक्ताभिसरण होतं. बाईंनी फळ्यावर हृदय काढलं, जरा वाकडंच आलं. मग मुलांना स्वतःची नाडी मोजायला लावली, मैदानाला एक चक्कर मारून आणलं आणि पुन्हा मोजायला सांगितलं.

"मॅडम, ये तो भाग रही है!" एक मुलगी ओरडली. सगळा वर्ग हसला. त्यानंतर बाईंचा आवाज असा मोकळा झाला की घंटा झाली तरी त्या थांबेनात.

पालक विचारायला आले, स्मार्ट क्लास बंद का? मी त्यांना दोन्ही रेट सांगितले, फी वाढवलेली नाही हेही सांगितलं आणि एकेका वर्गाच्या दारात नेऊन उभं केलं. बहुतेकांचं समाधान झालं.

जुलैत तोच माणूस परत आला. बेटम्याचा रेट, फक्त नववी-दहावीसाठी. दोन वर्षं रेट वाढणार नाही असं मी लिहून घेतलं, मगच सही केली.

संध्याकाळी मैत्रिणीला कळवलं. ती म्हणाली, "इकडच्या आणखी दोन शाळा विचारतायत. पुढच्या वेळी सगळ्यांनी मिळूनच बोलायचं का?"

"बोलाव त्यांना," मी म्हटलं. "माझ्याकडेच बसू."