बुटातला कापूस

धाकटा भाऊ सदा घरी आला की दारात बूट काढतो. डाव्या बुटाच्या टोकात कोंबलेला कापसाचा बोळा दिसला की मला बहारीनच्या हूरा वस्तीतली ती खोली आठवते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बहारीनला मासळीच्या कोल्ड स्टोअरमध्ये होतो. रजेवरून कुणी परतलं की त्याच्याबरोबर घरची कॅसेट यायची. त्या शुक्रवारी दुपारी खोलीत कालवणाचा वास रेंगाळत होता आणि टेपमधून सदा बोलत होता. ऐन थंडीत तो मित्रांबरोबर हिमालयात गेला होता. मीच पाठवलेला टेप गळ्यात अडकवून बर्फातून चालता चालता बोलत होता. पावलागणिक बर्फ करकरत होता.

"दादा, तू पाठवलेले बूट झकास आहेत. मोज्यांवर जरा घट्ट होतात, एवढंच."

त्याने अनवाणी पाऊल कागदावर ठेवून माप काढून पाठवलं होतं. जाड मोजे दोघांच्याही डोक्यात आले नव्हते.

"सकाळपासून डावी बोटं ठणकत होती. पण आता काहीच दुखत नाही. मजेत चाललोय!"

मी ताडकन उठून बसलो. आमच्या फ्रीझरमध्ये बोटं ठणकतात तोवर ठीक असायचं. ती दुखायची थांबली की फोरमन दंड धरून ओढायचा, "यल्ला, बाहर निकल!"

"सद्या, मागे फिर! बूट काढ!" मी टेपवर ओरडलो.

शेजारच्या खाटेवरचा वसंता दचकून उठला. "अरे, कॅसेट आहे ती."

मी बटण दाबलं. करकर थांबली. सदा मात्र महिन्यापूर्वीच पुढे चालत गेला होता.