कोऱ्या पट्टीचा कप

शाहीनआपाचे नवरे इरफानभाई यांचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, अल ऐनच्या रस्त्यावर, त्यांच्याच घरी निघाले होते. "शाहीन गेली," एवढंच ते म्हणाले... मी गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवरून माझ्या लेकराने विचारलं, "आर वी स्टिल गोइंग?" आम्ही गेलो.

रत्नागिरीची शाहीनआपा इथे शाळेत विशेष मुलांना शिकवायची. तिच्या घरी नेहमी येणाऱ्या प्रत्येकाचा कप ठरलेला, त्यावर नावाची कागदी पट्टी. माझ्या स्वमग्न लेकराला ही शिस्त फार आवडे. त्याला तेरावं वर्ष लागलं आणि एके दिवशी त्याने आपल्या कपावरचं मुलीचं नाव नखाने खरवडून काढलं. आपण मुलगी आहोत असं वाटत नाही, मुलगा आहोत का तेही ठाऊक नाही, असं ते सपाट आवाजात इंग्रजीत म्हणालं. माझं म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मग नक्की काय, म्हणून मी मागेच लागले. घरचे म्हणत, ऑटिझम आहे, त्याला काय कळतंय.

आपाने कपावर नवी कोरी पट्टी लावली. "ऑटिझम आहे म्हणून स्वतःचं कळत नाही, हे कोणी सांगितलं तुला?" मला म्हणाली. "टाइम लगेगा, लागू दे." मग लेकराकडे वळून, "पट्टी कोरी असली तरी कप तुझाच."

पुढे पट्टीवर एक नाव आलं, काही दिवस टिकलं, गेलं. मग दुसरं. लिहिलेलं असेल त्या नावाने आपा हाक मारायची, काहीच नसलं तर "यल्ला, चल बाळा, चहा घे." आलेल्या नावाचं कौतुक नाही, गेलेल्याची चौकशी नाही. शाळेतून कोमेजून येणारं लेकरू तिच्या ओट्याजवळ हात फडफडवत हसायचं. मला तिचा हेवा वाटायचा.

त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. दफन करून आल्यावर इरफानभाईंनी तो कप रुमालात गुंडाळून लेकराच्या हातात दिला. परतताना त्याने रुमाल सोडून कप मांडीवर घेतला. मग म्हणालं, "इज इट ओके इफ आय स्टिल डोन्ट नो? ॲट होम टू?"

"हो. घरीसुद्धा."

आता तो कप आमच्या ओट्यावर असतो. आपा पट्टीला पाणी लागू न देता तो हाताने धुवायची, मीही तसाच धुते. परवा पट्टीची कड सुटली. आपाच्या हातची शेवटची पट्टी... काढताना रडू आवरलं नाही. मग नवी लावली, कोरीच, आणि शेजारी पेन ठेवलं.