लाईट गेली की देवाचा विषय निघतो

पिठाच्या गिरणीत रोज संध्याकाळी झाडू मारावा लागतो. कितीही झाडलं तरी दुसऱ्या दिवशी पीठ आहेच. पंख्याच्या पात्यावर, मीटरच्या पेटीवर, भिंतीवरच्या घड्याळावर. माझ्याकडचे किस्सेही असेच साचत गेले. मी कुणाला मुद्दाम काही विचारायला जात नाही. मळवली स्टेशनजवळ माझी गिरणी आहे, दारात एक लांब बाकडं आहे आणि आमच्या भागातली लाईट कधीही जाते. डबा ठेवून घरी जावं तर नंबर जाईल ही भीती! म्हणून माणसं बसून राहतात. बसलेली माणसं बोलतात, आणि का कोण जाणे, लाईट गेली की हमखास देवाचा विषय निघतो.

बाकड्यावर मुख्य पार्ट्या दोन. एक रंगनाथभाऊ. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले, पक्के नास्तिक. दुसरे महादूआबा, गावच्या भैरवनाथाचे गुरव. दोघं शाळेत एका वर्गात होते. त्यामुळे आता नातवंडं झाली तरी एकमेकांना 'रंग्या' आणि 'म्हाद्या'च म्हणतात.

या वादाचा एक नियम आहे. लाईट आली रे आली की हरत आलेला माणूस ओरडतो, "सुरू कर रे गिरणी!" एकदा पट्टा फिरला की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. हा नियम कुणी ठरवलेला नाही, पण बाकड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यानं गिरणी सुरू करायला सांगितली, तो हरला!

*

एकदा दुपारी अशीच लाईट गेलेली. मी गिरणीच्या झिजलेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावत बसलो होतो. भाऊंनी आबांना धरलं होतं.

"आत्मा आत्मा करतोस, दाखव बरं मला आत्मा!"

आबा शांतपणे म्हणाले, "तू मला लाईट दाखव."

"लाईट आत्ता गेलीये."

"गेली ना? मंग कुटं गेली?"

"कुठं जात नसते ती. बंद होते फक्त."

"आणि येती ती कुटनं?"

"खांबावरनं."

"म्हंजे हितं बंद झाली तरी तितं खांबावर हाय, व्हय ना?"

भाऊ उत्तर देणार तेवढ्यात बल्ब लागला. भाऊ एका झटक्यात उठून उभे राहिले. "सुरू कर रे गिरणी!"

*

या हरण्याचा भाऊंनी लवकरच वचपा काढायचं ठरवलं. पुढच्या वेळी लाईट गेली तेव्हा सुरुवात मात्र आबांनीच केली. "रंग्या, तुझा सिग्नल आपोआप पडायचा का रं?"

"छे! स्टेशन मास्तरनं हुकूम दिल्याशिवाय हलायचा नाही."

"मंग एवढं सूर्य-चंद्र कुनाच्या हुकमानं हलत्यात?"

भाऊ तयारीतच होते. "मास्तरला कंट्रोलचा फोन येतो. कंट्रोलला डिव्हिजनचा. डिव्हिजनच्या वर झोन, झोनच्या वर बोर्ड, बोर्डाच्या वर मंत्री. मग तुझ्या देवाला कुणाचा फोन येतो ते सांग!"

आबांनी जरा विचार केला. "मंत्र्याच्या वर कोन असतंय?"

"मंत्र्याच्या वर आपण. आपणच मत देतो ना त्याला!"

"म्हंजे सगळ्यात वर जो बसलाय, त्याला आपुनच बसवलाय?"

"अगदी बरोबर! हेच तर मी इतकी वर्षं सांगतोय!" भाऊ ओरडले.

"हेच तर मीबी सांगतोय!" आबा त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. "देव बसवावा लागतो. आपुन प्रतिष्ठा करतो, तवा तो बसतो!"

लाईट आली. दोघांपैकी कुणीच 'सुरू कर' म्हणेना. दोघंही आपण जिंकलो म्हणून खुशीत हसत होते. शेवटी डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकाच माझ्यावर खेकसल्या, तेव्हा मी बटण दाबलं.

*

शनिवार-रविवारी आमच्या रस्त्याला मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. एकदा ट्रॅफिकला कंटाळून एक तरुण गाडीतून उतरला आणि बाकड्यापाशी आला. कपाळाला चंदन, गळ्यात रुद्राक्ष.

"काका, इथं डोंगरात खूप शांती मिळते असं ऐकलंय. नक्की कुठं मिळते?"

आबांनी मागच्या गाड्यांकडे बघितलं. "सोमवारी या."

*

कुलकर्णी मॅडम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या. आता कार्ल्याच्या बाजूला छोट्या बंगल्यात राहतात आणि भाजणी दळायला स्वतः येतात. बाकड्यावर बसल्या की दोन्ही बाजू इतक्या छान समजावून सांगतात, की भाऊ आणि आबा दोघंही मान डोलावतात. एकदा मी विचारलं, "मॅडम, तुमचं स्वतःचं मत काय?"

"माझ्या मताला कधी मार्क नव्हते हो," मॅडम म्हणाल्या. "त्यामुळे ते तयारच केलं नाही!"

त्याच दिवशी त्यांनी एक प्रश्न टाकला. "देव सगळं करू शकतो असं म्हणतात. तो चांगला आहे असंही म्हणतात. मग जगात एवढं दुःख का?"

भाऊंची बायको, इंदूमावशी, एका बाजूला गहू पाखडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्याला सवड नसंल."

"अहो मावशी, ज्याच्या हातात सगळं आहे त्याला सवड कशी नसेल?"

"आसंल मंग सवड. आमच्या ह्यांना रिटायर झाल्यापासनं सवडच सवड हाय. घरात काय सुधारलं का?"

मॅडम इतक्या हसल्या, की भाजणीचा डबा कलंडता कलंडता राहिला. भाऊ तेवढे हसले नाहीत.

*

मग भाऊंनी देहदानाचा विषय काढला. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी एक शिकाऊ डॉक्टर त्यांना म्हणाला होता, की शिकायला बॉडी मिळत नाहीत. ते भाऊंच्या डोक्यात बसलं. पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजात त्यांनी चौकशी केली आणि बाकड्यावर जाहीर केलं, "मी गेलो की जाळायचं नाही. दहावं नाही, तेरावं नाही. पोरांना उघडून बघू दे. आत कुठं आत्मा सापडला तर म्हाद्याला फोन करतील!"

आबांना हे लागलं. "आरं, तुझ्या धाव्याला इंद्रायणीवर उभा ऱ्हाऊन कावळ्याला हाका मारीन म्हनत हुतो मी. तेवढंबी करू देनार न्हाईस का?"

"कावळ्याला हाक मारायची तर आत्ता मार. मला ऐकू तरी येईल!"

आबा दळण न घेताच उठून गेले. पुढे बरेच दिवस त्यांचा डबा सूनच आणून टाकायची.

पण खरी अडचण घरातच होती. कॉलेजच्या माणसानं फोनवर साफ सांगितलं होतं. "काका, तुम्ही कितीही सह्या करा. शेवटी बॉडी आमच्यापर्यंत आणणार घरचेच. त्यांची तयारी नसेल तर आम्ही काही करू शकत नाही." मुलगी सासरी नाशिकला. ती म्हणाली, आई म्हणेल ते. आणि आई म्हणत होती, नाही.

"धाव्याबिगर तुमचा आत्मा जाईल कुटं?" मावशी भर गिरणीत विचारायच्या.

"अगं, आत्मा नसतोच!"

"तुमचा नसंल. पर उद्या दारात येऊन उभा ऱ्हायला, तर दार उघडायला मीच हाय ना?"

 आयुष्यभर सगळ्यांशी वाद घालत आलेला माणूस, आणि शेवटची इच्छा बायकोच्या होकारावर अडकली. भाऊ त्या महिन्यात खरंच उतरले. लाईट गेली तरी देवाचा विषय काढायचे नाहीत.

*

मावशींनी एकदा मॅडमना गाठलं. "तुमी शिकलेल्या हाय. खरं सांगा, धावं न्हाई केलं तर आत्मा अडकतो का?"

मॅडमनी अमुक लोक असं म्हणतात, तमुक लोक तसं म्हणतात, हे नीट समजावलं. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमालाबी ठावं न्हाई."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"बरं झालं, खरं बोललात. मंग ज्याला ठावं हाय त्यालाच इचारते."

म्हणजे भैरवनाथाला! आमच्या देवळात कौल लावतात. लग्न, विहीर, जमीन, कसलंही अडलं की गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली कळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मावशींनी अट घातली. देवानं होकार दिला तर त्या देहदानाला तयार, नाही दिला तर दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध, सगळं यथासांग. आणि ज्याचं गाऱ्हाणं त्यानंच देवापुढं उभं राहायचं.

"मी? त्या दगडाला विचारू?" भाऊ भडकले.

"नका इचारू. धाव्याला काय जेवान ठेवायचं तेवडं सांगून ठेवा."

मॅडमनी भाऊंना हळूच विचारलं, "डावी पडली तर काय म्हणाल?"

"तर म्हणीन, दगड आहे."

"आणि उजवी पडली तर?"

भाऊ बाकड्यावरून उठले. "तर बघू," म्हणाले.

*

रविवारी सकाळी देवळात भाऊ, मावशी, मॅडम आणि मी. आबा सोवळं नेसून गाभाऱ्यात उभे. भाऊंकडे त्यांनी बघितलंही नाही.

भाऊंनी आधी सिग्नल खात्यात करायचे तशी तपासणी केली! पंखा बंद केला. खिडकी लावली. आम्हाला सगळ्यांना दारापासून लांब उभं केलं. आबांच्या हातातल्या दोन्ही कळ्या घेऊन सारख्याच ओल्या आहेत का, ते बोटानं बघितलं.

"एवढी चौकशी आजवर देवाची कुनी केली न्हाई," आबा पुटपुटले. त्यांनी कळ्या लावल्या. "हां, बोल आता. 'देवा' म्हन, आणि माग."

भाऊंच्या तोंडून 'देवा' काही निघेना. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग ताठ उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "साहेब, माझी एक विनंती आहे."

मॅडमनी पदर तोंडाला लावला. मावशींनी डोळे मिटून हात जोडले होते.

भाऊंनी सगळं नीट सांगितलं. आपलं वय, गुडघा, तो शिकाऊ डॉक्टर, पोरांना शिकायला बॉडी मिळत नाही ते. सांगता सांगता आवाज बारीक झाला. "बाकी माझं काही मागणं नाही. हिची तेवढी समजूत पटू दे."

बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजव्या खांद्यावरची कळी घरंगळली आणि देवाच्या पायाशी पडली.

मावशींनी डोळे उघडले, कळी बघितली, पदरानं डोळे पुसले. "झालं. माझं काय म्हननं न्हाई आता. न्या तिकडं."

भाऊ कळीकडे बघत उभेच होते. आबांनी दुसरी कळी काढली आणि गाभाऱ्याचा दिवा नीट करत बसले.

*

दोन-चार दिवसांनी लाईट गेली होती. भाऊ बाकड्यावर खुशीत होते, शेजारी मावशी चाळणीनं पीठ चाळत होत्या, पलीकडे मॅडम भाजणीचा डबा घेऊन बसल्या होत्या. इतक्या दिवसांनी आबा स्वतः डबा घेऊन आले. भाऊंनी सरकून जागा दिली. आबा बसले, पण चेहरा पडलेला.

"रंग्या, मला झोप लागंना. तुझ्या धाव्याचा कावळा डोळ्यापुढनं जाईना. ती कळी वाऱ्यानं पडली."

मावशींची चाळणी थांबली.

भाऊ म्हणाले, "वारा नव्हता. पंखा मी बंद केला होता."

"खिडकीच्या फटीतनं आला असंल."

"खिडकी मी लावली होती!"

"मंग माज्याच हातनं पानी कमी-जास्त लागलं असंल."

"दोन्ही कळ्या मी तपासल्या होत्या, तुझ्यादेखत!"

मावशींनी चाळणी खाली ठेवली. "म्हंजे? कौल खोटा म्हनायचा का, आबा?"

आबा अवघडले. एकदा मावशींकडे, एकदा आपल्या मित्राकडे बघितलं. "वैनी, आता काय सांगू... शेवटी दगडच हाय तो. दगड काय बोलतो व्हय?"

भाऊ ताडकन उभे राहिले. "तोंड सांभाळ, म्हाद्या! देवानं दिलेला कौल आहे तो!"

 मावशी भाऊंकडे बघत होत्या, मॅडम आबांकडे. आणि नेमका तेव्हाच डोक्यावरचा बल्ब लागला.

भाऊ आणि आबा दोघंही माझ्याकडे वळले, आणि एकदमच ओरडले,

"सुरू कर रे गिरणी!"